अठरावी ओढणी

जळगावच्या त्या लहानशा चर्चच्या दाराशी, आत शिरताना डाव्या हाताला, बांबूची एक टोपली ठेवलेली असे. भगिनी मंडळाच्या सामानाच्या यादीत तिची नोंद सापडते: टोपली एक, पांढऱ्या ओढण्या सतरा. जिच्या डोक्यावर पदर नाही, जिचा गळा चार बोटांपेक्षा खोल आहे किंवा जिच्या बाह्या कोपराच्या फार वर गेल्या आहेत, अशा बाईच्या हातात यातली एक ओढणी द्यायची आणि उपासना संपली की ती परत घ्यायची, अशी तिथली रीत. ओढणी देणारे हात चोवीस वर्षे एकाच बाईचे होते. कोकिळाबाई या मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिवणशिक्षिका, वय सहासष्ट, पती झुलाल रेल्वेत फिटर होते, त्यांना जाऊन आठ वर्षे झालेली. मंडळाची इतिवृत्ताची वहीही त्यांच्याच अक्षरात लिहिलेली आहे. अक्षर सुबक, ओळी सरळ, खाडाखोड जवळपास नाही.

यादी मात्र अपुरी होती. टोपलीच्या तळाशी, जुन्या वर्तमानपत्राच्या घडीखाली, आणखी एक ओढणी होती. ती पांढरी नसून फिकट निळी होती, आणि तिच्यावर तळहाताएवढे तीन-चार काळपट तांबूस डाग होते. दर शनिवारी कोकिळाबाई सतरा ओढण्या धूत, इस्त्री करत आणि रविवारी घड्या रचत. अठरावीला हात न लावता तिच्यावर कागद सारखा करत. ती टाकून देणे त्यांना पंधरा वर्षांत जमले नव्हते. घरच्या कपाटात ठेवणेही जमले नव्हते.

२०२४ च्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी सकाळी, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसणाऱ्या ताईबाई कोकिळाबाईंच्या पिंप्राळ्यातल्या घरी आल्या. सावद्याहून आधी भुसावळ, तिथून जळगाव, मग रिक्षा, एवढे करून आलेली सत्तरीची बाई दारातच श्वास सावरत उभी राहिली. त्यांचे यजमान धनसिंग आयुष्यभर सावद्याच्या केळीच्या मळ्यांत राबलेले. ताईबाई मूळच्या धुळ्याकडच्या, आणि सावद्यात चाळीस वर्षे काढूनही त्यांनी माहेरची बोली सोडली नव्हती.

"या, ताईबाई. बसा. पाणी आणते."

"बसाले नही उनी, बाई. एक काम शे." त्या तरीही उंबऱ्यावर बसल्या, कारण पायांनी पुढे ऐकले नाही. "डाक्टर म्हनस, छातीनं काम जुनं व्हयी गयं. मरानं पहिले माले दिपमालासंगे प्रभुभोजन लेनं शे. एक दाव. बस."

कोकिळाबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. दिपमाला म्हणजे ताईबाईंची लेक. तिचे नाव त्या घरात कुणी उच्चारले नव्हते, तरी ते तिथे नवे नव्हते.

"पाळकसाहेबांना विचारलं?"

"इचारं ना. त्या म्हनतस, पोरनं नाव काटेल शे. तिनी आधी बठ्ठासना म्होरे चूक कबूल करानी, मंग नाव लिखाई जाई. आनि पोर म्हनस, मी कसानी चूक कबूल करू? माले समजाडाले कोनी उनंच नही." ताईबाईंनी पदराने कपाळ पुसले. "वहीमा लिखेल शे म्हने, तीन दाव आमना घर उनात. तुम्हीच लिखेल शे. उन्हतात का तुम्ही, बाई? मी इसरी गयी व्हसू. मनं डोकं आते कामनं नही."

कोकिळाबाई म्हणाल्या, "मी पाळकसाहेबांशी बोलते." घरी आला होतात का, या प्रश्नाचे हे उत्तर नव्हते. ताईबाईंनी मात्र ते उत्तर समजून मान हलवली, पाणी प्यायल्या आणि रिक्षाकडे निघाल्या. वळताना त्या म्हणाल्या, "तुम्ही भली बाई. तुमना शबुद पाळकसाहेब टाळाव नही."

मर्यादेची शिकवण कोकिळाबाईंकडे कुठून आली, हे कळल्याखेरीज पुढचे नीट समजणार नाही. त्यांचा जन्म भडगावजवळच्या गिरणाकाठच्या एका खेड्यातला, १९५८ चा. वडील कौतिक हे मिशनच्या बोर्डिंगवर पहारेकरी, म्हणून मुलीला धुळ्याच्या मुलींच्या बोर्डिंगात जागा मिळाली. तिथल्या मेट्रन सुमनबाई शनिवारी तपासणी घेत. मुलींनी फरशीवर गुडघे टेकायचे, आणि फ्रॉकची खालची कड फरशीला टेकली पाहिजे. टेकली नाही, तर त्या फ्रॉकची दुमड तिथल्या तिथे उसवून कापड खाली सोडले जाई. बाराव्या वर्षी कोकिळा एका उन्हाळ्यात दोन-अडीच बोटे वाढली. चाळीस मुलींसमोर सुमनबाईंनी तिची दुमड कात्रीने उसवली. दुमडीच्या आत राहिलेल्या कापडाला ऊन लागले नव्हते. फ्रॉक विटका निळा आणि खाली गडद निळ्या रंगाची पट्टी, असे ते वस्त्र तिने मार्चपर्यंत घातले. वर्गात, जेवणाच्या पंगतीत, चर्चमध्ये, जो पाही त्याला त्या पट्टीवरून कळे की हिची तपासणी झाली आहे.

त्या मुलीला नियमाचा राग आला असता, तर ही गोष्ट वेगळी झाली असती. तिला राग आला नाही, धास्ती बसली. पुन्हा कधी गुडघे टेकून तिथे बसायचे नाही, बसायचे तर कात्री ज्या हातात असते त्या बाजूला, हे तिने ठरवले की तिच्या नकळत ठरले, सांगणे अवघड आहे. ती शिवण शिकली, अव्वल आली, शिक्षिका झाली. घरची अहिराणीही तिने बोर्डिंगातच सोडली, कारण तिथे त्या बोलीलाही अंग उघडे टाकल्यासारखे समजत.

पण सुमनबाईंकडून त्यांनी आणखी एक गोष्ट घेतली होती, आणि ती कात्रीपेक्षा मोलाची होती. रविवारच्या वर्गात सुमनबाई सांगत, की प्रेषिताने बायकांना सोने, मोती, भारी वस्त्रे आणि केसांची नक्षी टाळायला सांगितले, ते बाईचे अंग वाईट म्हणून नव्हे. त्या पहिल्या मंडळ्यांत मालकिणीच्या शेजारी तिचीच दासी बसे. मालकीण दागिन्यांनी मढून आली, तर दासीने कुठे पाहायचे? कोकिळाबाईंनी ही शिकवण मनापासून घेतली. १९९८ च्या एका वर्गाचे टिपण वहीत आहे आणि त्यात त्यांचे स्वतःचे वाक्य आहे: "साधे कपडे घालावेत, म्हणजे जिच्याकडे साधेच आहेत तिला देवाच्या घरात मान खाली घालावी लागणार नाही." त्या स्वतः लग्नानंतरही सोन्याचे काही घालत नसत. घरोघरच्या मुलींना त्यांनी फुकट ब्लाउज शिवून दिले. हे सगळे खरे आहे आणि त्यांच्या बाजूने लिहिले पाहिजे.

आता ८ नोव्हेंबर २००९ चा रविवार. चर्चचा हंगामाचा सण होता. वर्षाच्या पिकातले पहिले आणि चांगले ते वेदीपुढे आणून ठेवायचे. कुणी ज्वारीची कणसे, कुणी वांगी, कुणी कोंबडी पाय बांधून. दिपमाला तेव्हा एकोणीस वर्षांची, जळगावात नर्सिंग शिकणारी, सुट्टीत सावद्याला गेलेली. त्या दिवशी ती पहाटेच्या एसटीने केळीचा एक घड घेऊन आली. अकरा फण्यांचा, सालीवर एक ओरखडा नसलेला. गर्दीच्या बसमधून असा घड आणणे किती कठीण, ते केळीवाल्यांनाच माहीत. जिथे खरचटते तिथे तासाभरात काळे पडते, आणि अर्पणाला डाग चालत नाही अशी तिची समजूत. जुन्या करारातली शिकवणही तशीच होती.

कोकिळाबाई त्या दिवशी वेदीजवळ ताटे लावत होत्या. घड आलेला त्यांनी पाहिला, कुणी आणला ते पाहिले नाही. प्रभुभोजनासाठी, म्हणजे मेजावरची भाकर आणि प्याला घ्यायला, रांग लागली तेव्हा दिपमाला पुढे आली. फिकट निळा पंजाबी ड्रेस, केस ओलसर, आणि अंगावर ओढणी नाही. खांद्यावर नाही, डोक्यावर नाही, कुठेच नाही. कोकिळाबाईंना आधीपासून ही मुलगी जरा मोकळी वाटे. ओढणी नुसती गळ्यात टाकते, बाह्या आखूड शिवून घेते, असे त्या एक-दोघींशी बोललेल्याही होत्या. त्यांनी टोपलीतली ओढणी आणली असती, तर गोष्ट तिथे संपली असती. त्यांनी ती आणली नाही. रांगेत पुढे होऊन, हात आडवा धरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "आधी अंगावर काही घे, मग प्रभूच्या मेजाशी ये. हा बाजार नाही."

मुलीने एकदा वेदीकडे पाहिले. दोन्ही हात छातीशी धरून ती मधल्या वाटेने परत गेली, बाकांच्या बारा ओळींमधून, आणि दाराबाहेर पडली. ताईबाई तिच्यामागे उठल्या. कुणीतरी हसले. कोण, ते वहीत नाही.

दुपारी आलेल्या वस्तूंचा लिलाव असतो. त्यासाठी कोकिळाबाई वेदीपुढून एकेक जिन्नस उचलत होत्या. घड उचलला तर तो कपड्यात बांधलेला. वरची बाजू तेवढी उघडी, खालून फण्यांना घट्ट वेढा घातलेला, दांड्यापाशी गाठ. फिकट निळे कापड. शिवणाऱ्या बाईला कापड ओळखायला दोनदा पाहावे लागत नाही. ड्रेसच्याच ताग्यातली ती ओढणी होती. दांड्याच्या कापलेल्या तोंडातून चीक गळून कापडात मुरला होता. ताजा चीक पाण्यासारखा दिसतो. रंग नंतर येतो, आणि आला की जात नाही.

त्यांनी गाठ सोडली, घड लिलावाकडे दिला आणि ओढणी पिशवीत घातली. तेव्हाच बाहेर जाऊन मुलीला शोधता आले असते. सावद्याची बस साडेचारला होती. घड्याळात अडीच वाजले होते. या दोन तासांचे त्यांनी काय केले, हे त्यांनी पुढे कधीच कुणाला सांगितले नाही. त्यांनी ताटे घासली.

संध्याकाळी तेव्हाच्या पाळकसाहेबांनी त्यांना बोलावले. ते वृद्ध गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांना गोष्ट आवडली नव्हती, पण ते नियमाने चालणारे. चर्चचा नियम स्पष्ट होता: कुणालाही मेजापासून अडवण्याआधी तीन वेळा घरी जाऊन समजावले पाहिजे, पहिल्यांदा एकट्याने, मग साक्षीदार घेऊन. "तीन भेटी दिल्या होत्या ना, बाई?" त्यांनी विचारले. प्रश्नातच सुटका होती, त्यांच्यासाठीही.

कोकिळाबाईंनी मान हलवली.

मान हलवायला क्षण लागला. पण हललेल्या मानेला तारखा लागतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीत लिहिले: दि. १०, १७ व २४ ऑक्टोबर रोजी सावदा येथे घरी भेट देऊन वेषमर्यादेबद्दल समज दिली, सुधारणा नाही, सबब तीन महिने मेजापासून दूर, जाहीर कबुलीनंतर नाव पूर्ववत. साक्षीदाराचे नाव म्हणून त्यांनी एका भगिनीचे नाव लिहिले, जी त्या डिसेंबरात नाशिकला मुलाकडे कायमची गेली. नोंदीखाली पाळकांची सही आहे. दिपमाला पुन्हा आली नाही. कबुली नाही, म्हणून नावही परत आले नाही. ताईबाई एकट्या येत राहिल्या, शेवटच्या बाकावर.

ताईबाईंच्या भेटीनंतर दोनच दिवसांनी पाळक रतिलाल यांनी कोकिळाबाईंना बोलावून घेतले. नवापूरकडचे हे तरुण पाळक येऊन वर्षच झाले होते. टेबलावर वही उघडी, समोर ताईबाई.

"अक्का, मला यात अडकायचं नाहीये," पाळक म्हणाले. "पंधरा वर्षं झाली. पण मंडळी विचारतील ना, की नियम एकाला एक आणि दुसऱ्याला एक का. इथे तीन तारखा आहेत, साक्षीदार आहे, सही आहे. दिपमालाताई म्हणतात कुणी आलंच नाही. मग एक तर वही खोटी, नाही तर त्या. तुम्ही गेला होतात, एवढं सांगा, म्हणजे मी त्यांना समजावतो, की दोन वाक्यं बोला आणि मोकळ्या व्हा."

ताईबाई कोकिळाबाईंच्या तोंडाकडे पाहत होत्या. संशयाने नव्हे. तो असता, तर बरे झाले असते.

"वहीत लिहिलंय ना," कोकिळाबाई म्हणाल्या.

"म्हणजे गेला होतात."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्यांदा. त्याच मानेने, त्याच खोलीत.

ताईबाईंनी हळूच पदर सावरला. "मंग मीच इसरनी व्हसू," त्या म्हणाल्या. "आनि पोर बी इसरनी व्हई." कुणाकडेच न पाहता त्या पुढे म्हणाल्या, "पन ती काही इसरस नही, हाईच तिनं वाईट शे."

वही तपासून पाहते, असे सांगून कोकिळाबाईंनी ती घरी आणली. खरे तर त्यांना ती पाळकांच्या टेबलावर नको होती. दुपारच्या उन्हात ओट्यावर बसून त्यांनी पाने उलटली. १९९८ चे टिपण पुन्हा वाचले, जिच्याकडे साधेच आहे तिच्याबद्दलचे. मग २००९ वर आल्या. खोट्या नोंदीच्या दोन पाने आधी त्यांच्याच अक्षरात दुसरी नोंद होती: दि. २३ ते २५ ऑक्टोबर, भगिनींचे निवासी शिबिर, धुळे, सचिव कोकिळाबाई तिन्ही दिवस हजर, शिवणाचे प्रात्यक्षिक दिले. म्हणजे चोवीस तारखेला त्या सावद्यात नव्हत्या, धुळ्यात होत्या. आणि सतरा तारखेला त्या साली लक्ष्मीपूजन होते, त्या दिवशी त्यांनी बसस्थानकाचे तोंडही पाहिले नव्हते. वहीने त्यांना पंधरा वर्षांपूर्वीच उघडे पाडले होते. फक्त कुणी दोन पाने मागे जाऊन वाचले नव्हते, कारण ती वही कोकिळाबाईंची होती.

त्यांना गुडघ्याखाली थंड फरशी जाणवली. हे त्यांनीच पुढे सांगितलेले शब्द आहेत.

सोमवारी त्या दीपनगरला गेल्या. वीज केंद्राच्या वसाहतीजवळच्या एका दवाखान्यात दिपमाला सिस्टर होती. निळसर पँट, तसलाच कुडता, केस जाळीत बांधलेले, डोके उघडे. बाह्यरुग्णांची रांग संपेपर्यंत कोकिळाबाई बाकावर बसून राहिल्या. दिपमालाने त्यांना पहिल्याच नजरेत ओळखले होते, पण आणखी अकरा रुग्ण होऊ दिले.

"बोला, बाई. कुठे दुखतं?"

"दुखत नाही. मी... तुझ्याकडे काम होतं."

"माझा डबा खायचा आहे. चाललं तर बसा." ती मागच्या व्हरांड्यात गेली. पोळी तोडता तोडता म्हणाली, "आईनं पाठवलं का?"

"नाही. तिला माहीत नाही." कोकिळाबाईंनी पिशवीतून ओढणी काढली आणि बाकावर ठेवली. दिपमालाचा हात थांबला. तिने ओढणी उलगडली नाही, नुसते एका डागावर बोट ठेवले, जसे रुग्णाच्या सुजेवर ठेवतात.

"धुऊन बघितली का?"

"सहा वेळा. लिंबू लावलं. रॉकेलही."

"केळीचा चीक जात नाही. सावद्यात कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं." ती पुन्हा जेवू लागली. "तुम्हाला केव्हा कळलं?"

"त्याच दिवशी. दुपारी अडीचला."

दिपमालाने हातातला तुकडा डब्यात परत ठेवला. "मला वाटायचं, तुम्हाला कधी कळलंच नाही," ती म्हणाली. "तेच बरं होतं. न कळता केलं म्हटलं की माणूस सोडून देतो. बसमध्ये कंडक्टर म्हणाला होता, पोरी, घडाला ओढणी आणि तू तशीच? मी म्हटलं, देवाच्या घरी चाललेय, तिथं कोण बघतं."

"तू तेव्हा बोलली का नाहीस? एक शब्द जरी..."

"तुम्ही विचारलं नव्हतं. तुम्ही सांगत होतात."

कोकिळाबाईंनी हात जोडले. दिपमालाने डब्याचे झाकण लावले. "हे इथे नका करू. इथे तेव्हा कुणी बघत नव्हतं. जिथे बघत होते तिथे करा, नाही तर राहू द्या. आणि ओढणी घेऊन जा. मला ती नको आहे. माझ्याकडे तेव्हाचं पुष्कळ आहे." उठताना तिने जोडले, "सणाला मी येईन. आईसाठी. माफी मी मागणार नाही, हे त्या पाळकांनाही सांगा."

शनिवारी कोकिळाबाईंनी पाळकांना दोन्ही नोंदी दाखवल्या आणि सगळे सांगितले, अडीच वाजल्यासकट. रतिलाल यांचा चेहरा उतरला. माणूस दुष्ट नव्हता, नवा होता. त्यांनी थोडा विचार करून वाट काढली: "अक्का, असं करू. तारखांची गल्लत झाली, वयोमानाने नोंदीत चूक राहिली, असं मी जाहीर करतो. नाव परत घेतो. तुमचंही राहतं, त्यांचंही होतं."

ती वाट मोहाची होती. कोकिळाबाईंनी तिच्यावर दोन पावले टाकलीही. त्या म्हणाल्या, "असं म्हणता येईल का?" पाळक म्हणाले, "का नाही." मग त्यांना ताईबाईंचे वाक्य आठवले, मंग मीच इसरनी व्हसू. एका म्हाताऱ्या बाईने त्यांच्या खोट्यासाठी स्वतःच्या डोक्याला दोष दिला होता, आणि आता त्या स्वतःच्या डोक्याला दोष देऊन सुटणार होत्या.

"वय तेव्हा एक्कावन्न होतं," त्या म्हणाल्या. "गल्लत नव्हती. मी लिहिलं ते खोटं लिहिलं."

१० नोव्हेंबर २०२४. वेदीपुढे भोपळे, ज्वारी, मेथीच्या जुड्या. धनसिंगांनी पाठवलेला घड या वेळी जुन्या गोधडीत गुंडाळून आला होता. दाराशी टोपली होती, कारण ती उचलून ठेवणे कुणाला सुचले नव्हते, पण तिच्याजवळ कोकिळाबाई नव्हत्या. दिपमाला रात्रपाळी संपवून थेट आली, दवाखान्याच्या कपड्यांत. दाराशी एका मुलीने सवयीने पांढरी ओढणी पुढे केली. ताईबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे वं माय," आणि लेकीचा हात धरून पुढे गेल्या.

प्रभुभोजनाआधी कोकिळाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी वही उघडली आणि त्यांची ती सुबक नोंद वाचली. मग तिच्याखाली आदल्या दिवशी लिहिलेले वाचले: वरील तीन भेटींपैकी एकही झालेली नाही. समज दिलेली नाही. ओढणी वेदीपुढच्या घडाला बांधलेली होती, हे मला त्याच दिवशी कळले होते आणि मी ते लपवले. ज्या नियमाने हिला अडवले तो नियम मीच मोडला होता, सबब आजपासून तीन महिने मी मेजाशी येणार नाही. खाली सही आणि तारीख.

वाचताना त्यांचा आवाज एकदाच अडखळला, "त्याच दिवशी" या शब्दांवर. मागून कुणी म्हणाले, "अरे देवा." पुढच्या ओळीतली एक बाई शेजारणीला कुजबुजली, पण चर्च इतके गप्प होते की सगळ्यांना ऐकू गेले: "आणि आम्हाला बाह्यांवरून बोलायची." कोकिळाबाई ते ऐकून खाली बसल्या.

रांग लागली. बाक एकेक करून रिकामे झाले. सगळे पुढे गेले की बसून राहिलेल्या माणसाकडे परतणाऱ्या प्रत्येकाची नजर जाते, हे त्यांना तोवर माहीत नव्हते. हात कुठे ठेवायचे हे कळत नाही. त्यांनी ते मांडीवर ठेवले, मग वहीवर, मग पदराखाली घेतले. एवढ्या वर्षांत त्यांनी किती जणींना असे बसवले, ते वहीत मोजता येईल. टोपलीतली ओढणी ज्यांना दिली, त्या मोजता येणार नाहीत.

दिपमाला आणि ताईबाई मेजाशी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. एकीच्या डोक्यावर पदर, दुसरीचे उघडे. पाळकांनी दोघींना भाकर दिली, प्याला दिला. परत येताना दिपमाला कोकिळाबाईंच्या बाकाजवळून गेली. तिने त्यांच्याकडे पाहिले की नाही, हे कोकिळाबाईंना सांगता आले नाही, कारण त्यांनी मान वर केली नव्हती.

ताईबाई मात्र मध्येच थांबल्या. त्यांना दम लागला होता. शेवटचा बाक अजून आठ ओळी मागे होता. त्या कोकिळाबाईंच्या शेजारी बसल्या. श्वास लागला म्हणून बसल्या, की आणखी काही, हे विचारण्याचा अधिकार कोकिळाबाईंना आता राहिला नव्हता, आणि त्यांनी विचारलेही नाही. गीत सुरू झाले. दोघी न गाता ऐकत राहिल्या.

"तुमनी सतरा तारीख," ताईबाई म्हणाल्या, समोरच पाहत, "दिवाळी व्हती ना तधय?"

"व्हती," कोकिळाबाई म्हणाल्या. त्या बोलीतला तो त्यांचा कितीतरी वर्षांतला पहिला शब्द होता.

"आमना घर दिवाळी नही, पन शेजारीननी फराळ आनेल व्हता. कोनी उनं असतं, तर मी दिधा असता. म्हनीसन माले वाटे, मी कशी इसरसू." ताईबाईंनी हात टेकून उठायचा प्रयत्न केला, तो साधला नाही, आणि त्यांनी दुसरा हात कोकिळाबाईंच्या खांद्यावर ठेवला, जसा बाकाच्या पाठीवर ठेवला असता. "उठाडा माले. लिलावले घड उतारानी येळ व्हयी गयी. दांडा खाले धरज्यात, चीक गळस."